येऊ नका, काही काम नाही

गेल्या वर्षी मी दोन सख्ख्या बहिणींची सात महिने ताटातूट केली. हेतू चांगला होता, आणि ते करताना मला स्वतःचा इतका अभिमान वाटत होता की शनिवारी नवरा घरी आल्या आल्या मी त्याला सांगितलं, "एका म्हातारीचे वर्षातले आठ-नऊ दिवस वाचवले बघ." तो म्हणाला, "शाब्बास." त्या दिवशी आम्ही दोघंही सारखेच मूर्ख होतो.

आधी नवऱ्याबद्दल सांगते, कारण सुरुवात त्याच्यापासून झाली. तो खंडाळ्याच्या बाजूला एका कारखान्यात आहे. आठवडाभर तिकडेच खोली घेऊन राहतो, शनिवारी सांगलीला येतो. कारखान्यात त्याचं काम म्हणजे लोकांना लीन मॅनेजमेंट शिकवायचं. कामात काय काय वाया जातं ते शोधायचं आणि काढून टाकायचं. उगाचच्या फेऱ्या, ताटकळणं, गरजेपेक्षा जास्त करून ठेवलेला माल, सगळं. शिकवायची सवय लागलेला माणूस सुट्टीला घरी आला म्हणून गप्प थोडाच बसतो! त्याने आधी आमचं स्वयंपाकघर धरलं. डब्यांना चिठ्ठ्या लागल्या. रोजचं हाताशी आलं, सणासुदीचं वर गेलं. ओट्याच्या कोपऱ्यात खलबत्त्याभोवती त्याने पिवळी टेप चिकटवली आणि त्यावर 'खलबत्ता' असं लिहिलं. आमच्याकडे खलबत्ता एकच, आणि तो लग्नापासून त्याच कोपऱ्यात.

"तो कुठे पळून जाणार आहे?" मी विचारलं.

"उद्या तू नसलीस तरी कुणालाही सापडला पाहिजे."

"मी नसल्यावर तू चटणी कुटणार आहेस?"

भांडण तिथेच मिटलं, पण खोटं कशाला बोलू, महिन्याभरात सकाळचा गोंधळ निम्म्यावर आला. मी मूळची घाईची बाई. रांगेत उभी राहिले की माझं डोकं तापतं. मला त्या पिवळ्या टेपची चटक लागली, आणि मी ती ऑफिसात नेली.

मी वकील आहे, सगळी दिवाणी कामं. जमिनी, वाटण्या, बांध, विहिरी. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात, पण आमच्याकडे शहाणेही चढतात आणि मग वीस वर्षं उतरत नाहीत. ऑफिसच्या भिंतीवर मी फळा लावला, त्यावर तीन रकाने आखले: करायचं, चालू, झालं. प्रत्येक खटल्याचं एक कार्ड. नेहमीच्या अर्जांचे मसुदे एकदाच नीट करून ठेवले. फायली शोधायला पूर्वी सकाळ जायची, आता हात घातला की फाइल. पहिल्यांदाच कोर्टातून घरी आल्यावर मला माणसासारखं बसून चहा पिता येऊ लागला.

आणि मग मी वळले पक्षकारांच्या ताटकळण्याकडे. ते मला खरंच बघवत नसे. जत, कवठेमहांकाळकडची म्हातारी माणसं पहाटे उठून एसटीने यायची, दिवसभर कोर्टाच्या आवारात बसायची आणि चार वाजता आम्ही त्यांना सांगायचो, पुढची तारीख पडली. त्यांच्या येण्याने खटला तसूभरही हलत नाही. अपिलात तर पक्षकाराने येण्याची गरजच नसते, वकील हजर असला की झालं. मी सगळ्यांना कळवून टाकलं: येऊ नका, काही काम नाही. लागलं तर मी बोलावीन. लोक खूश झाले. कुंडलचे एक ऊसवाले, फौजेतून निवृत्त झालेले, फोनवर म्हणाले, "मॅडम, तुम्ही तर आमची परेडच माफ केली!"

साताऱ्याला माझी आई एकटी राहते. तिलाही मी याच झपाट्यात उरकलं. ती दर आठ-दहा दिवसांनी काहीतरी काढायची. चष्म्याचा स्क्रू पडलाय, गोळ्या संपत आल्यात, बरणीचं झाकण निघत नाही, येशील तेव्हा बघ. तेवढ्यासाठी मी सांगलीहून साताऱ्याला जायची, अर्धा दिवस प्रवासात. मी गोळ्या घरपोच केल्या, किराणा घरपोच केला, बारीकसारीक दुरुस्त्यांना एक माणूस लावून दिला, झाकण उघडायचं यंत्र पाठवलं आणि रविवारी सकाळी दहा वाजता व्हिडिओ कॉल ठरवला. आई म्हणाली, "बरं झालं गं, तुझी दगदग वाचली." मी ते कौतुक समजून घेतलं.

आता त्या बहिणी. कवठेमहांकाळच्या पुढे माळावरचं एक गाव, पूर्वी मेंढरं घेऊन फिरणारी घरं, आता थोडं पाणी आलं म्हणून शेती करणारी. त्यातल्या एका घरात दोन सख्ख्या बहिणी दोन सख्ख्या भावांना दिलेल्या. नवरे गेले. मग विहिरीवरच्या मोटारीच्या पाळीवरून दोघींच्या मुलांची जुंपली. तालुक्याच्या कोर्टात निकाल धाकटीच्या मुलाच्या बाजूने लागला, म्हणून थोरलीच्या मुलाने सांगलीच्या जिल्हा कोर्टात अपील केलं आणि ते माझ्याकडे आलं. वारस म्हणून दोघी म्हाताऱ्यांची नावं कागदावर होतीच. थोरली माझी पक्षकार. सत्तरीपुढची, उंच, काटक, कपाळावर रुपयाएवढं कुंकवाचं गोंदण. मी तिला मावशी म्हणायची. ती प्रत्येक तारखेला येई. मुलाला शेतातून सवड नसे, पण ही मात्र कापडात बांधलेली भाकरी घेऊन हजर.

पहिल्याच भेटीत मी तिला माझी ठरलेली ताकीद दिली होती, "मावशी, समोरच्या पार्टीशी बोलायचं नाही. एक शब्द नाही." ती म्हणाली होती, "न्हाई बोलत बाई."

तिलाही मी फोन केला. येऊ नका, काही काम नाही.

 ती म्हणाली, "आता कवाच यायाचं न्हाई?"

"नाही मावशी. तुमच्या गुडघ्यांना कशाला त्रास?"

"गुडघ्यांचं काय न्हाई, बाई."

"मी आहे ना इथे."

"बरं," ती म्हणाली. मी तिचं कार्ड फळ्यावर सरकवलं आणि दुसऱ्या कामाला लागले.

सात महिने असे गेले. पाच तारखा झाल्या असतील. सहाव्या तारखेला दुपारी मी गाडीकडे निघाले होते. आवाराच्या मागच्या बाजूला एक करंजाचं झाड आहे, त्याखाली एक म्हातारी एकटीच बसली होती. पुढ्यात कापडात बांधलेल्या दोन पुरचुंड्या, आणि नजर फाटकाकडे. मला पाहिल्यावर ती लगबगीने उठली. धाकटी होती ती. माझ्या भाषेत, प्रतिवादी क्रमांक दोन.

"आवं वकीलबाई, जरा थांबा की."

"मावशी, तुमचे वकील नसताना मला तुमच्याशी खटल्याचं बोलता येत नाही."

"खटल्याचं कोण बोलतंय? मी भनीचं बोलतीया." तिने पदर तोंडाशी नेला. "ती रागावलीया व्हय माझ्यावर? लय दिस झालं, येतच न्हाई. मी दर तारखंला तिच्या वाटणीची भाकरी आणती आन माघारी नेती."

"अहो, पण तुम्ही एकाच गावात राहता. तिथे विचारायचं."

"गावात कसं बोलायचं?" तिने माझ्याकडे असं पाहिलं, जणू एवढंही या बाईला कळत नाही.

मग तिने सांगितलं. भांडण झालं त्या दिवशी दोघींची पोरं तावातावाने देवळात गेली होती. बिरोबापुढचा भंडारा हातात घेऊन दोघांनी शब्द दिला, या गावच्या शिवेत आमच्या घरातलं माणूस तुमच्या घरातल्या माणसाशी बोलणार नाही. आमच्या भागात भंडारा उचलून दिलेला शब्द म्हणजे स्टँपपेपरवरच्या शब्दापेक्षा पक्का. दोघी बहिणींनी तो मोडला नाही. फक्त शिवेतला होता म्हणून शिवेपुरताच पाळला. तारखेच्या दिवशी दोघी एकाच एसटीत बसायच्या, एक पुढे, एक मागे. गावाची शीव ओलांडली, ओढ्यावरचा पूल गेला, की मागची उठून पुढे येऊन शेजारी बसायची. मग सांगलीपर्यंत बोलणं, झाडाखाली बोलणं, एकीची भाकरी दुसरीने खाणं, आणि परतताना पूल आला की पुन्हा उठून आपापल्या जागी. तीन वर्षं हे चाललं होतं. मी वकिलांच्या बाररूमच्या खिडकीतून मावशीला कुणा बाईबरोबर बसलेलं पाहिलं होतं, पण गावची कुणी असेल म्हणून सोडून दिलं होतं. मला सांगणार तरी कोण? मीच तोंड बंद ठेवायची ताकीद दिली होती.

मी तिथे उभी होते आणि मला रडू येत होतं. काळा कोट घालून कोर्टाच्या आवारात रडणं बरं दिसत नाही, म्हणून मी रागावले. "ती रागावलेली नाही," मी जवळजवळ ओरडलेच. "मी तिला येऊ नका म्हटलं होतं. मी!"

धाकटीने तोंडाशी धरलेला पदर खाली घेतला. "व्हय?" म्हणाली. "मग बरं झालं." आणि खाली बसून तिने पुरचुंडी सोडली. तिला भूक लागली होती.

त्या रविवारी नवऱ्याला गाडी काढायला लावून मी मावशीच्या वस्तीवर गेले. मुलगा आणि सून आदराने वागले, चहा झाला. मग मावशी म्हणाली, "चला, हीर दावती," आणि मला एकटीला घेऊन भांडणाच्या विहिरीवर आली. विहिरीच्या पलीकडे बांध, बांधावर नवी काटेरी तार, आणि हाकेच्या अंतरावर धाकटीचं घर. दारात दोरीवर कपडे वाळत होते.

"त्यावरनं कळतं," मावशी म्हणाली. "तिची दोन लुगडी हायत. हिरवं आन जांभळं. आलटून पालटून दिसली की समजायचं, बरी हाय. मधी चार दिस एकच दिसत हुतं. माझा जीव ऱ्हाईना."

"मावशी, मला का नाही सांगितलं?"

"तुमीच म्हणला हुता, समोरच्या पार्टीशी बोलू नगासा. मग बोलती म्हणून कसं सांगू? तुमी केस सोडली असती तर?"

मी तिचा हात धरला. हात कसला, वाळलेलं लाकूड होतं ते. मी म्हटलं, "माझं चुकलं." तिने माझ्या पाठीवरून हात फिरवला, जसं काही ताटातूट माझीच झाली होती.

परत येताना मी नवऱ्याला सगळं सांगितलं. मिरजेजवळ तो म्हणाला, "आमच्या लीनमध्ये पहिला नियम वेगळाच आहे. काहीही काढून टाकायच्या आधी, जिथे काम चालतं तिथे जाऊन उभं राहायचं. नुसतं बघायचं. तो मी तुला नीट सांगितलाच नाही."

"सांगितला होतास. मी उंटावरून शेळ्या हाकल्या."

"मेंढ्या," तो म्हणाला, आणि आम्ही दोघंही थोडंसं हसलो.

पुढच्या तारखेला मी मावशीच्या मुलाला फोन करून सांगितलं, आईला पाठवा, काम आहे. काय काम, ते त्याने विचारलं नाही. खरं काम काहीच नव्हतं. लीनच्या हिशेबात नसलेलं काम निर्माण करणं हे सगळ्यात मोठं पाप. मी ते तीन तारखा केलं आणि मला रात्री झोप छान लागली. दुपारी खिडकीतून मी पाहायची, करंजाखाली दोन डोकी एकमेकींकडे झुकलेली.

पण अपील काही जन्मभर चालत नाही. आमचं अंतिम सुनावणीला आलं. मी मावशीला आनंदाने सांगितलं की आता दोन-तीन महिन्यांत निकाल. तिचा चेहरा उतरला.

"निकाल लागला की तारखा बंद?"

"बंद."

"मग थोडं लांबवता येतंय का, बाई?"

इतकी वर्षं वकिली करते. निकाल कधी लागणार, हा एकच प्रश्न मला येणाऱ्या प्रत्येकाने विचारला आहे. लांबवा म्हणणारी ही पहिलीच, आणि तीही माझीच पक्षकार! अपील जिंकलं तरी ती हरणार होती आणि हरलं तरी हरणार होती. इतक्या दिवसांत मी एकदाही तिला विचारलं नव्हतं की मावशी, तुम्हाला काय हवंय? मुलाला विचारलं होतं. त्याला पाळी हवी होती.

मी समोरच्या वकिलांशी बोलले. ते वयाने मोठे, शांत गृहस्थ. सगळं ऐकून म्हणाले, "माझीही म्हातारी दर तारखेला दोन भाकऱ्या का आणते, याचं मला कोडंच होतं." आम्ही दोघांनी मिळून प्रकरण मध्यस्थीला नेलं. एका लहान खोलीत टेबलाच्या दोन बाजूंना दोन मुलगे, दोघांच्या शेजारी दोन आया, आणि मधे मध्यस्थ म्हणून कोर्टाने नेमलेल्या दुसऱ्याच एक वकीलबाई. मोटारीच्या पाळीचं तासाभरात जमलं. चार दिवस याचे, चार दिवस त्याचे. इतकं सोपं होतं ते, की दोघांनाही ओशाळल्यासारखं झालं. मग मी म्हटलं, "अजून एक मुद्दा आहे. माझ्या पक्षकार बोलतील."

मावशी उभी राहिली. तिला कुणी उभं राहायला सांगितलं नव्हतं. ती मुलाला म्हणाली, "पान्याचं तुमचं झालं न्हवं? आता माझं ऐक. मला माझ्या भनीशी माझ्या दारात बसून बोलायचंय."

मुलगा खाली बघत म्हणाला, "आये, देवाला शबुद दिलाय. त्यो कसा मोडायचा?"

तेव्हा टेबलाच्या पलीकडून धाकटी बोलली. तिचा आवाज बारीक, पण खोलीत सगळ्यांनी ऐकला. "शबुद तुमी दिला रं. भोगला आमी."

  थोरलीच्या मुलाने टोपी काढून मांडीवर ठेवली, पुन्हा घातली. चुलतभावाकडे न बघता तो म्हणाला, "येत्या आयतवारी देवळात जाऊ. दोघंबी. शबुद माघारी मागू."

"चल की," दुसरा म्हणाला. भांडण झाल्यापासून ते पहिल्यांदाच एकमेकांशी बोलले होते, आणि सांगली गावच्या शिवेबाहेर असल्यामुळे तेही नियमात बसलं. तडजोडपत्रात मी एक कलम घातलं: विहिरीलगतच्या बांधावरील तारेत दोन्ही घरच्या बायकांना ये-जा करण्यासाठी चार फुटांची वाट उघडी ठेवावी. ते मात्र ठरलेल्या मसुद्यात कुठेच नव्हतं, हाताने लिहिलं.

अपील निकाली निघालं. कार्ड 'झालं' मध्ये गेलं. त्यानंतरच्या महिन्यात एका दुपारी मी खिडकीतून सहज पाहिलं, तर करंजाखाली दोघी.  पुन्हा काही बिनसलं की काय म्हणून मी जवळजवळ धावतच खाली गेले.

"मावशी, काय झालं? आज तर तारीख नाही तुमची."

"ठावं हाय की," थोरली म्हणाली.

"मग?"

"घरात सुना असत्यात, पोरं असत्यात," धाकटी म्हणाली. "निवांत बोलणं हुत न्हाई. इथलं लय सवयीचं झालंय. आन आता गावातनंच येका शिटावर बसून आलो."

त्यांनी तीन पुरचुंड्या सोडल्या. तिसरी माझी होती. ज्वारीची भाकरी, लसणाची चटणी, कांदा. मी त्यांच्याजवळ खाली बसले. दोन वाजता मला एका कामात उभं राहायचं होतं, अजून वेळ होता.

खाता खाता थोरलीने विचारलं, "तुमची आय हाय का, बाई?"

"आहे. साताऱ्याला."

"मग कवा गेल्तासा?"

मी आठवायला लागले. गोळ्या वेळेवर पोचत होत्या. किराणा पोचत होता. रविवारी दहा वाजता कॉल होत होता. आठवता आठवता मी मागे मागे गेले आणि माझ्या हातातला घास हातातच राहिला.  धाकटीने माझ्या भाकरीवर आणखी थोडी चटणी घातली.

दोनचं काम संपवून मी तशीच सातारा गाडीत बसले. उजेड होता तोवर पोचले. बेल वाजवली. आईने दार उघडलं, माझ्याकडे पाहिलं, माझ्यामागे कुणी आहे का ते पाहिलं, आणि घाबरूनच विचारलं, "अगं, काय झालं? मधेच कशी आलीस? काय काम काढलंस?"

"काही काम नाही," मी म्हटलं.

आईला ते क्षणभर कळलंच नाही. मग कळलं. ती पाठ वळवून स्वयंपाकघरात गेली आणि तिथूनच मोठ्याने म्हणाली, "आलीच आहेस तर बघ गं जरा, लोणच्याच्या बरणीचं झाकण निघत नाहीये."

मी आत गेले. मी पाठवलेलं यंत्र खिळ्याला टांगलेलं होतं, पाकिटातून न काढलेलं. मी बरणी पदरात धरली आणि हाताने झाकण फिरवलं.